प्लास्टिकचं अंतराळयान जोडायचं आणि त्यात लाइट लावायचे, म्हणजे नक्की काय करायचं

किटच्या डब्यावर यानाचा असा फोटो असतो की सगळ्या खिडक्या उजळल्यात, इंजिनाचे घुमट नारिंगी झालेत, मागे काळंभोर अवकाश, आणि डबा उघडला की आत निघतात करड्या प्लास्टिकच्या फ्रेमा, एक डिकलचा, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील चित्रांचा कागद आणि सूचनांची घडी. लाइट बऱ्याच किटमध्ये नसतातच, ते वेगळे विकतात, आणि कधीकधी त्या लाइट सेटची किंमत बघून चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला असं वाटतं. म्हणून बरेच जण स्वतःच करायचं ठरवतात आणि करता येतंही, विजेचा भाग शाळेत ओहमचा नियम शिकलो तेवढाच आहे. घाम निघतो तो दुसऱ्याच गोष्टीत, उजेड नको तिथून बाहेर येऊ न देण्यात. एलईडी लावायला एक संध्याकाळ पुरते, उजेड अडवायला कितीतरी जास्त वेळ जातो, आणि हे आधी कुणी सांगत नाही.

उदाहरण म्हणून स्टार ट्रेक या अमेरिकन टीव्ही मालिकेतलं जुनं अंतराळजहाज एंटरप्राइज घेऊ, कारण लाइट लावायच्या बाबतीत जितक्या अडचणी असू शकतात त्या सगळ्या या एका जहाजात आहेत. वर मोठी तबकडी, खाली नळकांड्यासारखा धड, आणि दोन पातळ खांबांवर दोन लांब इंजिनं. आपल्याकडे ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी लागायची त्या मालिकेतली ती हीच. कथेत ती २८८.६ मीटर लांब आहे, म्हणजे १/३५० स्केलचं किट घेतलं तर मॉडेल साधारण ८२ सेंटिमीटर होतं आणि १/१००० चं घेतलं तर २९. पोलर लाइट्स कंपनीची दोन्ही किट निघालेली आहेत. मोठ्यात आत हात घालायला जागा भरपूर, पण ठेवायचं कुठे हा प्रश्न घरातले विचारणारच, छोटं टीव्हीशेजारी बसतं पण त्यात वायर घालताना डोळे जातात.

मूळ शूटिंगचं मॉडेल ११ फुटांहून थोडं जास्त लांब होतं, १९६४ मध्ये बनवलेलं, लाकूड, पत्रा आणि प्लास्टिक वापरून. त्यातली एक गंमत इथे उपयोगाची आहे. लाइटच्या वायरी मॉडेलच्या डाव्या बाजूने बाहेर काढल्या होत्या, त्यामुळे ती बाजू कॅमेऱ्यात दाखवायचीच नाही असं ठरलं आणि तिकडे सजावट अर्धवटच सोडली, जहाज बहुतेक वेळा उजव्या बाजूनेच दिसतं त्याचं कारण हे. इंजिनाच्या टोकाला जो फिरणारा नारिंगी उजेड दिसतो तो म्हणजे मोटरवर फिरणारं पातं, मागे ख्रिसमसच्या माळेतले लुकलुकणारे बल्ब, आरशाचे तुकडे आणि पुढे धुरकट घुमट, बस्स. १९७४ मध्ये ते मॉडेल वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाला दिलं गेलं, आणि २०१६ मध्ये डागडुजी झाली तेव्हा आत एलईडी घातले. बाजारात मिळणारं पहिलं प्लास्टिक किट एएमटी कंपनीचं, १९६६ चं, आणि त्याच्या सुरुवातीच्या डब्यांत छोटे बल्ब होते, म्हणजे लाइटवाली एंटरप्राइज ही हौस किटइतकीच जुनी आहे. (एएमटीचंच किट जाळून-मोडून १९६७ च्या एका भागात दुसरं उद्ध्वस्त जहाज म्हणून दाखवलं होतं, डिकलमधल्या १७०१ चे आकडे मागेपुढे करून १०१७ केलं. जुगाड काही फक्त आपल्याकडेच होत नाही.)

तेव्हाच्या बल्बचा त्रास असा होता की ते तापायचे आणि जळायचे, आणि मॉडेल एकदा चिकटवलं की आतला बल्ब बदलणार कसा. आता पांढरा एलईडी कमी करंटवर चालवला तर वर्षानुवर्षं टिकतो. पांढरा एलईडी म्हणजे खरं तर निळा एलईडी आणि त्यावर पिवळा उजेड देणाऱ्या फॉस्फरचा थर, निळा जमला नसता तर पांढरा आलाच नसता, २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्या निळ्यालाच मिळालं.

आता कामाला लागू. पहिला नियम म्हणजे ग्लू उघडायच्या आधी कागद-पेन घ्यायचं. कुठे लाइट हवेत, कुठले सतत चालू, कुठले लुकलुकणारे, वायर कुठून कुठे जाणार, बाहेर कुठून पडणार. वायर शेवटी स्टँडमधूनच खाली येते, त्यामुळे स्टँडचं भोक हा तुमच्या आकृतीचा पहिला बिंदू. मग सगळे भाग चिकटपट्टीने तात्पुरते जोडून बघायचे की तबकडीतून मानेत, मानेतून धडात, धडातून खांबात वायर खरंच जाते का. हे न करता आधी जोडून मोकळं व्हायचं आणि मग वायरीचा विचार करायचा म्हणजे आधी कळस मग पाया, नंतर तबकडी कापून उघडायची वेळ येते.

प्लास्टिकबद्दल एक गोष्ट समजली की पुढचं सोपं जातं. किटचं प्लास्टिक बहुतेक वेळा पॉलिस्टायरीन असतं आणि त्याचा जो पातळ ग्लू मिळतो, बाटलीच्या झाकणाला ब्रश असलेला, तो फेविकॉलसारखा मधे राहून धरत नाही, तो प्लास्टिकच विरघळवतो, दोन्ही कडा मऊ होऊन एकमेकांत मिसळतात आणि सॉल्व्हंट उडून गेला की एकच तुकडा होतो. म्हणून दोन गोष्टी. एक, जिथे सांधा आहे तिथे रंग नको, रंगावर हा ग्लू नीट पकडत नाही, तर आतून रंग मारताना सांध्याच्या कडांवर मास्किंग टेप लावून ठेवायची. दोन, खोलीच्या खिडक्या उघड्या ठेवून काम करा, हे सॉल्व्हंट डोकं धरतात. फेविक्विकसारखा सायनोअॅक्रिलेट ग्लू धातू चिकटवायला चांगला, पण पारदर्शक भागांजवळ अजिबात नको, त्याची वाफ काचेसारख्या प्लास्टिकवर बसते आणि पांढरा धुरकट थर तयार होतो जो पुसून जात नाही.

आता मुख्य गोष्ट. करडं पॉलिस्टायरीन दिसायला अपारदर्शक असतं पण आत एलईडी लावून खोलीत अंधार करा, अख्खी तबकडी लॅम्पशेडसारखी आतून पेटते, खिडक्या वेगळ्या दिसतच नाहीत. यावर उपाय म्हणजे आतून आधी काळा रंग, मॅट काळा स्प्रे, दोन पातळ हात, वाळू द्यायचा, आणि त्याच्यावर पांढरा किंवा चंदेरी. काळा उजेड अडवतो, पांढरा उजेड परत आत फेकतो आणि तोच फिरून फिरून खिडक्यांपर्यंत जातो. क्रम उलटा केला, म्हणजे प्लास्टिकला चिकटून पांढरा आणि आतल्या बाजूला काळा, तर गळती बंद होईल पण काळा रंग उजेड गिळेल आणि खिडक्या मंद दिसतील. नुसता पांढरा लावून चालत नाही, चंदेरी बराच अडवतो पण काळ्याची बरोबरी नाही. रंग वाळला की आत एलईडी धरून, खोली पूर्ण अंधारी करून, प्रत्येक भाग हातात फिरवून बघायचा. जिथे चमकतंय तिथे पेन्सिलने खूण, परत एक हात काळा आणि परत पांढरा.

त्यानंतर सांधे. तबकडीची वरची आणि खालची बाजू जिथे मिळते तिथे केसाएवढी फट जरी राहिली तरी अंधारात सगळीकडून एक तेजस्वी रेघ दिसते, दिवसा कितीही बघा दिसणार नाही. बाहेरून लांबी म्हणजे पुट्टी भरून, ४०० नंबरपासून १००० नंबरपर्यंतच्या पॉलिश पेपरने घासून सांधा नाहीसा करतातच, पण आतूनही त्या कडेला अॅल्युमिनियमची चिकटपट्टी किंवा काळ्या रंगाचा जाड हात द्यायचा. अॅल्युमिनियम पट्टी वापरली तर एक लक्षात ठेवा, ती वीजवाहक आहे, उघडी वायर तिला टेकली की शॉर्ट. वर इन्सुलेशन टेप मारा.

खिडक्यांचं काय? मोठ्या किटमध्ये खिडक्यांना पारदर्शक तुकडे दिलेले असतात, ते रंगकाम झाल्यावर बसवायचे किंवा आधी बसवून मास्क करायचे. छोट्या किटमध्ये खिडकी म्हणजे नुसतं डिकल, तिथे भोक स्वतः पाडावं लागतं, हाताने फिरवायच्या बारीक ड्रिलने, ०.३ ते ०.५ मिलिमीटरचं पातं घेऊन. वीज ड्रिल नको, पातं तुटतं किंवा प्लास्टिक वितळतं. त्या भोकात बसते ऑप्टिकल फायबर, मॉडेलसाठी मिळते ती काचेची नाही, प्लास्टिकचीच असते, ०.२५ पासून १ मिलिमीटरपर्यंत. फायबरच्या एका टोकाला उजेड दिला की तो आतल्या भिंतींवर आपटत आपटत दुसऱ्या टोकाला निघतो, बाजूने बाहेर पडत नाही, हे पूर्ण आंतरिक परावर्तन पुस्तकात वाचलेलं असतंच. म्हणजे एक एलईडी, त्याला वीस-पंचवीस फायबरची जुडी, वरून श्रिंक ट्यूब (गरम केली की आक्रसून घट्ट बसणारी नळी), आणि वीस-पंचवीस खिडक्या तयार. फायबर बाहेर थोडी लांब ठेवायची, रंग झाल्यावर ब्लेडने पृष्ठभागालगत कापायची. फायबरला पण फेविक्विक नको, ती ठिसूळ होऊन तुटते, पांढरा ग्लू किंवा इपॉक्सी वापरा आणि एकदम काटकोनात वाकवू नका.

भोकात फायबर न घालता नुसता पांढरा ग्लू भरला तरी वाळल्यावर तो पारदर्शक होतो, छोट्या खिडक्यांना चालून जातं. मात्र एलईडी खिडकीच्या बरोबर मागे ठेवू नका, नाहीतर खिडकी उजळत नाही, आतला तेजाचा ठिपकाच दिसतो. एलईडीचं तोंड उलट दिशेला, आतल्या पांढऱ्या भिंतीकडे करा, किंवा मधे बटर पेपरचा तुकडा लावा.

विजेचा भाग ऐका आता. एलईडीला लागणारा व्होल्टेज ठरलेला असतो, लालला साधारण २ व्होल्ट, पांढऱ्या-निळ्याला ३ च्या आसपास. त्याच्याहून थोडा जरी जास्त दिला तरी करंट प्रमाणात वाढत नाही, एकदम उसळतो, आणि एलईडी फुकट. म्हणून सोबत करंट आवरणारा रेझिस्टर. हिशोब सरळ आहे, बॅटरीच्या व्होल्टेजमधून एलईडीचा वजा करायचा आणि जेवढा करंट हवा त्याने भागायचं. ९ व्होल्टची बॅटरी, पांढरा एलईडी ३ व्होल्ट, उरले ६. करंट १५ मिलिअँपिअर म्हणजे ०.०१५ अँपिअर. ६ भागिले ०.०१५ म्हणजे ४०० ओहम. दुकानात ४०० चा सहसा मिळत नाही, ३९० किंवा ४७० मिळतो, मोठा घ्यायचा, ४७०, करंट १३ च्या आसपास येतो आणि डोळ्याला फरक कळतही नाही. नेहमीच्या छोट्या एलईडीला २० ही साधारण वरची मर्यादा धरतात, मॉडेलमध्ये ५ ते १५ मध्ये राहिलेलं बरं.

लोक वायर वाचवायला एक करतात, सगळे एलईडी समांतर जोडून सगळ्यांना मिळून एकच रेझिस्टर. त्यात एक लाल आणि बाकी पांढरे असतील तर लाल लागतो आणि पांढरे लागतच नाहीत, कारण लाल २ व्होल्टवरच सगळा करंट ओढून घेतो आणि पांढऱ्यांना लागणारे ३ कधी मिळतच नाहीत. मग माणूस पांढरे खराब निघाले म्हणून दुकानदाराशी भांडायला जातो. प्रत्येक फांदीला स्वतःचा रेझिस्टर, याला सूट नाही.

एकामागे एक, म्हणजे सिरीजमध्ये जोडले तर खूप फायदा होतो. १२ व्होल्टवर तीन पांढरे सिरीजमध्ये, ३.१ धरले तर ९.३ झाले, उरले २.७, करंट १० मिलिअँपिअर ठेवला तर २७० ओहम, आणि हा रेझिस्टर बाजारात मिळतो. तोच १० मिलिअँपिअर तिघांतून जातो. १२ व्होल्टची जी एलईडी पट्टी मिळते ती दर तीन एलईडींनंतरच का कापायची असते, तर तिच्यावर नीट बघा, तीन एलईडी आणि एक छोटा काळा चौकोन, त्यावर आकडे लिहिलेले, तो रेझिस्टर. आपण आत्ता केला तोच हिशोब कारखान्यात करून छापलाय. तबकडीसारख्या मोठ्या पोकळीत सरळ तीच पट्टी लावा, सोल्डरिंग वाचतं. फक्त दाटीवाटीने मीटरभर कोंबू नका, बंद डब्यात उष्णता साठते आणि पॉलिस्टायरीन १०० अंशांच्या जवळ मऊ पडायला लागतं.

९ व्होल्टची चौकोनी बॅटरी हिशोबाला बरी, चालवायला नाही. तिच्यात साधारण ५०० मिलिअँपिअर-तास असतात, आणि ३० एलईडी वेगवेगळे १३ मिलिअँपिअरने चालवले तर ३९० लागतात, म्हणजे पाहुण्यांना दाखवेपर्यंत बॅटरी गार. तेच ३० एलईडी १२ व्होल्टवर तीन-तीनच्या माळांत केले तर दहा माळा, १०० मिलिअँपिअर फक्त. घरात जुन्या राउटरचा अडॅप्टर पडलेला असेल तर त्याच्यावर आउटपुट वाचा, १२ व्होल्ट असेल तर तोच चालेल. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत बाकीचं सगळं एका फेरीत होतं.

लुकलुकणाऱ्या दिव्यांसाठी ५५५ नावाची आयसी, म्हणजे चिप, १९७२ मध्ये बाजारात आली आणि अजून चालते. दोन रेझिस्टर आणि एक कपॅसिटर लावला की ती स्वतःहून चालू-बंद होत राहते, कपॅसिटर भरतो, रिकामा होतो, परत भरतो. एका सेकंदात किती वेळा हे काढायचं तर १.४४ ला पहिला रेझिस्टर अधिक दुसऱ्याची दुप्पट, गुणिले कपॅसिटर, याने भागायचं. पहिला १ किलोओहम, दुसरा ६८ किलोओहम, कपॅसिटर १० मायक्रोफॅरड घेतला की जवळजवळ बरोबर सेकंदाला एकदा. जहाजावर डावीकडे लाल आणि उजवीकडे हिरवा दिवा, हा नियम बोटी आणि विमानांवरून उचललाय, तर डावं-उजवं जहाजाच्या दृष्टीने बघायचं, समोरून बघणाऱ्याच्या नाही.

इंजिनाच्या घुमटांना ५५५ च्या पुढे ४०१७ ही दुसरी आयसी लागते. तिला दहा आउटपुट असतात आणि ५५५ च्या प्रत्येक ठोक्याला ती आधीचा बंद करून पुढचा चालू करते, ते आउटपुट गोलात लावलेल्या एलईडींना दिले की उजेड गोल फिरल्यासारखा वाटतो. आउटपुट फार करंट देत नाहीत, मधे जास्त करंट सोडणारा स्विच म्हणून ट्रान्झिस्टर टाकलेला बरा. घुमट आतून बारीक पॉलिश पेपरने घासून धुरकट करायचा, नाहीतर मागचे एलईडी सुटे सुटे मोजता येतात आणि सगळी मजा जाते. लाल, नारिंगी, मधेच एखादा निळा-हिरवा असं मिसळलं की जुन्या मालिकेच्या जवळ जातं. प्रोग्रॅमिंग येत असेल तर हे सगळं अॅटटायनी ८५ या आठ पायांच्या, प्रोग्रॅम करता येणाऱ्या एका चिपवर बसवता येतं, आणि मंद होत जाणारा उजेड वगैरे लाड पण करता येतात, पण पहिल्या मॉडेलला मी तरी ५५५ च सुचवीन, बिघडली तर मल्टिमीटरने शोधता येतं.

इंजिनापर्यंत वायर न्यायची म्हणजे त्या पातळ खांबांतून. इथे नेहमीची जाड वायर विसरा, इनॅमलची तांब्याची तार, ०.२ मिलिमीटरची, मोटर वाइंडिंगवाल्याकडे मिळते, टोकाचं इनॅमल ब्लेडने खरवडायचं मगच सोल्डर धरतं. खांबाच्या दोन अर्ध्यांत आतून चर कोरून तार बसवा. सोल्डरिंग मात्र कधीच मॉडेलच्या आत करू नका, गनचं टोक ३०० अंशांच्या वर असतं, प्लास्टिकला चुकून टेकलं तरी खड्डा. सगळं टेबलावर जोडायचं, तपासायचं, मग आत घालायचं. एलईडी तपासायला घड्याळाचा मोठा बटन सेल, २०३२, पुरतो, दोन पाय दोन बाजूंना लावले की लागतो, सेलचा आतला रोध जास्त असल्याने रेझिस्टरशिवायही चालतं. लांब पाय अधिक.

झाकण बंद करायच्या आधी सगळं चालू करून एक रात्रभर तसंच ठेवा. कच्चा सोल्डर असेल तर शक्यतो तेव्हाच उघडा पडतो.

किती उजेड ठेवायचा यावर वाद घालणारे भेटतात, माझं मत स्पष्ट आहे, कमी. सगळ्या खिडक्या एकसारख्या ढणाढणा पेटलेल्या दिसल्या की ते खेळणं वाटतं. काही खिडक्या बंद ठेवा, आतून काळ्या करा, काहींवर पारदर्शक पिवळा रंग हलका द्या म्हणजे कुणी झोपलंय, कुणी कामावर आहे असं वाटेल. खोलीतले दिवे चालू असताना लाइट जेमतेम दिसले पाहिजेत एवढं ठेवा, अंधार केला की ते पुरेसे होतात.

रंग आणि डिकलचं थोडक्यात. प्राइमर, मग रंग, मग ग्लॉस क्लिअरचा, म्हणजे चकचकीत पारदर्शक वार्निशचा हात, त्यानंतरच डिकल, कारण मॅट पृष्ठभाग खडबडीत असतो आणि डिकलखाली हवा अडकून चंदेरी डाग दिसतात. डिकल वाळले की वरून मॅट. खिडक्यांवर मास्क राहू द्या, मॅट क्लिअर खिडकीवर बसला तर ती आंधळी होते.

स्टँडमध्ये पितळी नळी घ्या, तिच्यातून वायर खाली, तळाच्या लाकडी ठोकळ्यात स्विच आणि अडॅप्टरची पिन. आयसी शक्यतो तळातच ठेवा, जहाजात फक्त एलईडी आणि रेझिस्टर जाऊ द्या, म्हणजे आयसी उडाली तरी बदलता येते. आणि पिनच्या लगेच पुढे १एन४००७ डायोड सिरीजमध्ये टाका, तो करंट एकाच दिशेने जाऊ देतो. तो ०.७ व्होल्ट खातो, उजेडात किंचित फरक पडेल, पण उद्या घरात कुणी दुसराच, उलट्या पोलॅरिटीचा अडॅप्टर खुपसला तर लाइट फक्त लागणार नाहीत, जळणार नाहीत.